निर्वात किती पक्के? ऐरोलीहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

ऐरोलीच्या एका बाईंनी विचारले आहे की त्यांच्या मुलाने, जो यंदा बारावी विज्ञानला आहे, एका चित्रफितीत असे ऐकले की आपले विश्व 'खोट्या निर्वातात' आहे आणि ते कोणत्याही क्षणी, कसलीही पूर्वसूचना न देता, प्रकाशाच्या वेगाने पुसले जाऊ शकते. तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे, आणि दिवसा तो 'मग सीईटीचा अभ्यास कशासाठी करायचा?' असा युक्तिवाद करू लागला आहे. बाईंना तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे खरे आहे का, शास्त्रज्ञांना ते कळले कसे, आणि जिनिव्हाजवळच्या त्या प्रचंड यंत्रामुळे असे काही घडू शकते का.

मी मूलकणांच्या सैद्धांतिक भौतिकीत तीस वर्षांहून अधिक काळ संशोधन आणि अध्यापन केले असून निवृत्तीनंतर ठाण्यात नौपाड्यात राहतो. चित्रफीत मीही पाहिली. तिच्यातली बहुतेक विधाने सुटी घेतली तर बरोबर आहेत, पण तिने एक 'जर' आणि एक आकडा गाळला आहे. माझे उत्तर मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी निर्वात म्हणजे काय ते पाहू. एखाद्या बरणीतून सगळी हवा काढली, ती शक्य तितकी थंड केली, प्रकाशाचा किरणही आत येऊ दिला नाही, तरी आत क्षेत्रे उरतातच. विद्युतचुंबकीय क्षेत्र उरते, इलेक्ट्रॉनचे क्षेत्र उरते, प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांची क्षेत्रे उरतात. ही सर्व क्षेत्रे जेव्हा त्यांना शक्य असलेल्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत स्थिरावलेली असतात, तेव्हा त्या अवस्थेला पुंज (क्वांटम) भौतिकीत निर्वात म्हणतात. बहुतेक क्षेत्रांचे मूल्य या अवस्थेत सरासरीने शून्य असते. हिग्ज क्षेत्र हा मोठा अपवाद आहे. त्याचे मूल्य आपल्या निर्वातात सर्वत्र, ठाण्यात तसेच देवयानी दीर्घिकेत, २४६ जीईव्ही एवढे असते. (जीईव्ही हे ऊर्जेचे एकक आहे, एका प्रोटॉनचे वस्तुमान या एककात साधारण ०.९४ भरते.) इलेक्ट्रॉनला जे वस्तुमान आहे ते या मूल्यामुळे, आणि अणूंचा आकार ठरतो तो इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानामुळे. या क्षेत्राचा कण, म्हणजे हिग्ज बोसॉन, सापडल्याची घोषणा जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ४ जुलै २०१२ रोजी झाली आणि पुढच्याच वर्षी पीटर हिग्ज व फ्रान्स्वा आँग्लेर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधात आपल्याकडचे हातही होते. ज्या दोन शोधकयंत्रांनी हा कण टिपला त्यांपैकी सीएमएसचा एक भाग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पंजाब विद्यापीठाने मिळून बांधला होता.

आता खरा प्रश्न असा की २४६ ही हिग्ज क्षेत्राची सर्वांत खालची जागा आहे, की वाटेतला एक टप्पा? पावसाळ्यात येऊरच्या उतारावर ठिकठिकाणी डबकी साचतात. डबक्यातले पाणी शांत असते, आपण तळाशी आहोत असे त्याला वाटायला हरकत नाही, परंतु खाडी त्याहून कितीतरी खाली असते आणि मध्ये असतो तो फक्त डबक्याचा काठ. पाण्याला तो काठ ओलांडता येत नाही म्हणून ते तिथे थांबते. आपले निर्वात असे डबके असेल तर त्याला 'खोटे निर्वात' म्हणतात, आणि पुंज भौतिकीत काठ हा कायमचा अडसर नसतो. काठाच्या वरून न जाता पलीकडे उमटण्याची अत्यल्प, पण शून्य नसलेली शक्यता असते. तिला टनेलिंग म्हणतात.

टनेलिंग ही कल्पनेतली गोष्ट नाही. वाशीच्या खाडीपुलावरून नैर्ऋत्येला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याच्या अणुसंशोधन केंद्रात ज्या युरेनियमवर काम चालते त्याचा प्रत्येक अल्फा कण अणुगर्भाच्या काठातून असाच बाहेर पडतो, हे जॉर्ज गॅमोव्ह यांनी १९२८ मध्ये दाखवले. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे, तरीही एका किलोमध्ये दर सेकंदाला जवळपास सव्वा कोटी अणू फुटतात, कारण अणूंची संख्याच तेवढी अफाट आहे. फुटणारा अणू 'म्हातारा' झालेला नसतो. ४४७ कोटी वर्षे तग धरलेला अणू आणि काल तयार झालेला अणू यांची पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता तंतोतंत सारखी असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, मुलाच्या झोपेचा प्रश्न सोडवताना ती पुन्हा लागणार आहे.

अणू फुटतो तो एकटा. निर्वाताचे तसे नसते. सगळ्या अवकाशभर पसरलेले क्षेत्र एकाच वेळी सगळीकडे उडी मारू शकत नाही. ते कुठेतरी एका बिंदूपाशी बदलते आणि तिथून बदल पसरतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर स्वयंपाकघर पुरते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलांसाठी मी शुद्ध पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या तीन सीलबंद बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवल्या आणि सव्वादोन तासांनी काढल्या. एक आधीच गोठलेली होती. उरलेल्या दोन स्वच्छ, पारदर्शक, नळाच्या पाण्यासारख्या वाहत होत्या, पण आतले पाणी शून्याखाली काही अंश गेलेले होते. एक बाटली मी ओट्याच्या कडेवर हलकेच आपटली. वरच्या हवेच्या बुडबुड्यापाशी एक पांढरी पिसासारखी रेघ उमटली, आणि मुलांनी 'अरे!' म्हणेपर्यंत ती रेघ बाटलीच्या तळाला पोहोचली. दुसरी बाटली मी एका मुलीच्या हातात दिली, तिने ती इतक्या सांभाळून धरली की शेवटपर्यंत काहीच झाले नाही. (फ्रीजरमधून बाहेर काढलेले पापलेट परत जागेवर ठेवावे, अशी सूचना एव्हाना आतून दोनदा आली होती.) गोठलेल्या बाटलीत घट्ट बर्फ नव्हता, बर्फाचा चिखल होता, आणि तिचे तापमान उलट शून्यापर्यंत वर आले होते, कारण अवस्था बदलताना ऊर्जा बाहेर पडते.

पाणी शून्याखाली जाऊनही का थांबते? पहिला बर्फकण जन्माला येताना त्याला आतल्या भागात फायदा होतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर खर्च येतो. त्रिज्या दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. म्हणजे नफा खर्चापेक्षा वेगाने वाढतो, पण तो तसा वाढण्याआधी कणाला एका ठरावीक आकारापर्यंत पोहोचावे लागते. त्याआधी जन्मलेले सगळे कण तोट्यात जाऊन विरघळतात. निर्वाताचाही हिशेब हाच आहे. आत खरे निर्वात असलेला बुडबुडा चुकून उमटला, तर त्याच्या भिंतीची ऊर्जा हा खर्च आणि आतल्या घनफळातली ऊर्जेची बचत हा नफा. हा हिशेब पुंज भौतिकीच्या भाषेत नीट मांडण्याचे श्रेय सिडनी कोलमन यांच्या १९७७ च्या लेखाकडे जाते, आणि १९८० मध्ये त्यांनी फ्रँक द लुचिया यांच्याबरोबर त्यात गुरुत्वाकर्षण जोडले. बुडबुडा जन्मतो तेव्हा खर्च आणि नफा अगदी समसमान असतात. त्याची एकूण ऊर्जा शून्य असते, म्हणून ऊर्जेच्या अक्षय्यतेला कुठे धक्का लागत नाही. त्यानंतर वाढणारा सगळा नफा भिंतीच्या वेगात जातो आणि भिंत पाहता पाहता प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचते.

बाटलीशी असलेले साम्य इथे संपते, हेही सांगायला हवे. पाण्याला आपटण्याचा धक्का लागतो, धुळीचा कण मिळतो, बाटलीची खरबरीत कड मिळते. निर्वातात धूळ नसते. तिथे बुडबुडा फक्त टनेलिंगने उमटू शकतो. अतिशय लहान कृष्णविवरे अशा धुळीच्या कणासारखी वागू शकतील का, यावर गेली दहा वर्षे वाद चालू आहे, परंतु तशी कृष्णविवरे अजून कोणालाही सापडलेली नाहीत आणि मला व्यक्तिशः तो धोका पटलेला नाही. इटलीतील त्रेन्तो येथे अतिथंड सोडियम अणूंच्या द्रवात खोट्या निर्वातासारखी अवस्था तयार करून तिच्यात बुडबुडे उमटताना प्रत्यक्ष पाहिले गेले, आणि ते निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगाने विश्वाबद्दल काही सिद्ध होत नाही. कोलमन यांनी मांडलेली यंत्रणा निसर्ग खरोखर वापरतो, एवढे मात्र त्यातून दिसते.

'पूर्वसूचना न देता' हे चित्रफितीतले विधान खरे आहे. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते ३४ किलोमीटरचे अंतर अशी भिंत सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागात कापेल. ती येताना दिसणार नाही, कारण तिचा प्रकाश तिच्या फार तर पाऊलभर पुढे असेल. माणसाच्या शरीरातून तिला आरपार जायला सेकंदाचे सहा अब्जांश भाग लागतील आणि वेदनेचा संदेश मज्जातंतूतून सेकंदाला फार तर शंभरेक मीटर जातो. त्यामुळे मुलाला ज्या क्षणाची भीती वाटते तो क्षण अनुभवायला कोणालाच मिळणार नाही. भिंतीच्या आत हिग्ज क्षेत्राचे मूल्य आजच्या मूल्याच्या कोट्यवधी पटींनी, कदाचित त्याहून कितीतरी अधिक मोठे असेल, इलेक्ट्रॉन व क्वार्क त्याच प्रमाणात जड होतील, आपल्या ओळखीचा एकही अणू टिकणार नाही.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे हे कळले कसे. कोणी दुर्बिणीतून दुसरे निर्वात पाहिलेले नाही. हे सगळे एका संख्येच्या चालीवरून काढलेले अनुमान आहे. हिग्ज क्षेत्र स्वतःशी किती जोराने आंतरक्रिया करते हे सांगणारा एक गुणांक आहे, त्याला लॅम्डा म्हणतात. हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही आहे हे कळल्यावर लॅम्डाची किंमत काढता आली; ती आपल्या ऊर्जापातळीला ०.१३ च्या आसपास येते. परंतु पुंज सिद्धांतात गुणांक स्थिर नसतात, ज्या ऊर्जेला तुम्ही मोजमाप करता तिच्याप्रमाणे ते हळूहळू बदलतात. हिग्ज क्षेत्राचे स्वतःशी असलेले नाते आणि दुर्बल बल वाहणारे डब्ल्यू व झेड कण लॅम्डाला वर ढकलतात. टॉप क्वार्क त्याला खाली ओढतो, आणि तो फार जोरात ओढतो, कारण तो सर्व ज्ञात मूलकणांत सर्वांत जड आहे. त्याचे वस्तुमान १७२.५ जीईव्हीच्या जवळपास, म्हणजे जुन्या बल्बच्या तारेतील टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढे आहे. समीकरणे सोडवत वर वर गेले की लॅम्डा घटत जातो आणि साधारण १० चा दहावा किंवा अकरावा घात एवढ्या जीईव्हीला शून्याखाली जातो. लॅम्डा ऋण झाला याचा अर्थ हिग्ज क्षेत्राचे मूल्य प्रचंड वाढवले तर ऊर्जा कमी होत जाते. येऊरच्या डबक्याला खाडी सापडली ती इथे.

इथे एक विलक्षण योग आहे, ज्याने मला मृत्युघंटेपेक्षा जास्त अस्वस्थ केले आहे. लॅम्डा ऋण होतो, पण जेमतेम. वजा एक-दोन शतांशापर्यंत जाऊन तो तिथेच रेंगाळतो. टॉप क्वार्क फक्त सव्वा-दीड जीईव्हीने हलका असता, म्हणजे एका टक्क्याहून कमी फरक पडला असता, तर निर्वात पूर्णपणे स्थिर ठरले असते. तो तीनेक टक्के जड असता तर निर्वात इतके कच्चे झाले असते की विश्व इथपर्यंत पोहोचलेच नसते. हिग्ज आणि टॉप यांच्या वस्तुमानांचा नकाशा काढला, तर एका बाजूला स्थिर प्रदेश, दुसऱ्या बाजूला अस्थिर प्रदेश आणि मध्ये अर्धस्थिरतेची, म्हणजे खोटे असूनही दीर्घकाळ टिकणाऱ्या निर्वाताची, एक अरुंद पट्टी दिसते. आपला बिंदू नेमका त्या पट्टीत, स्थिर प्रदेशाच्या कुंपणाला टेकून बसला आहे. हा योगायोग आहे की त्यामागे एखादे न उमगलेले तत्त्व आहे, यावर माझ्या पिढीतल्या अनेकांनी वर्षे घालवली आहेत.

आता गाळलेला आकडा. हार्वर्ड विद्यापीठातील तिघा सैद्धांतिकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या परिपूर्ण गणितानुसार आपल्या निर्वाताचे आयुर्मान १० चा १३९ वा घात इतकी वर्षे येते, आणि ९५ टक्के खात्रीने ते १० चा ५८ वा घात यापेक्षा अधिक आहे. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे, म्हणजे १० च्या दहाव्या घाताहून किंचित अधिक आहे. हे आकडे वाचताना वर्तमानपत्रेही एक चूक करतात. ती घाताच्या संख्यांची वजाबाकी करून 'आणखी १२९ पट' असे काहीतरी लिहितात. प्रत्यक्षात विश्वाच्या आजच्या वयात एक हा आकडा मांडून त्यावर १२९ शून्ये दिली, तेवढ्या पटीने हे आयुर्मान मोठे आहे. आणि हेही पूर्ण चित्र नाही, कारण बुडबुडा उमटण्याची शक्यता काळाबरोबरच अवकाशाच्या तिन्ही मितींवर अवलंबून असते. आपल्याला दिसणाऱ्या सगळ्या विश्वात, त्याच्या आजवरच्या सगळ्या इतिहासात, असा एक बुडबुडा उमटला असण्याची शक्यता काढायची तर विश्वाचे वय भागिले निर्वाताचे आयुर्मान हे गुणोत्तर चारदा मांडून त्यांचा गुणाकार करावा लागतो, आणि उत्तर येते ते दशांशचिन्हानंतर पाचशेहून अधिक शून्ये असलेले. अशा संख्येची तुलना लॉटरीशी किंवा वीज पडण्याशी करू नये. तुलनेला जवळपासचे असे काही अस्तित्वातच नाही.

मुलाचा खरा आक्षेप मात्र याहून बारीक असणार, आणि तो योग्य आहे. 'शक्यता कितीही कमी असली तरी ते आज रात्री घडू शकते ना?' होय, घडू शकते. युरेनियमच्या अणूसारखेच निर्वातालाही वय नसते. १० चा १३९ वा घात हे लावून ठेवलेले घड्याळ नाही, की ते संपत आले म्हणून धोका वाढावा. परंतु याच कारणाने आजची रात्र आणि गेल्या १,३८० कोटी वर्षांतली कोणतीही रात्र यांत काडीचा फरक नाही. ही गोष्ट चित्रफीत पाहिल्यानंतर जास्त शक्य झालेली नाही. त्याने कागद घेऊन वरचे गुणोत्तर स्वतः काढावे असे मी सुचवेन. घातांकांचे नियम सीईटीच्या अभ्यासक्रमात आहेतच.

जिनिव्हाच्या यंत्राबद्दलचा प्रश्न १९८३ मध्येच, म्हणजे ते यंत्र बांधण्याच्या पुष्कळ आधी, पीट हट आणि मार्टिन रीस यांनी हाती घेतला होता. त्यांचा युक्तिवाद साधा आहे आणि अजून कोणी तो मोडलेला नाही. लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रात २०२२ पासून १३.६ टीईव्ही ऊर्जेच्या टकरी होतात (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही). आकाशातून येणारे वैश्विक किरण याहून फार ताकदीचे असतात. १९९१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे टिपलेल्या एका कणाची ऊर्जा सुमारे ५० जूल होती. ताशी ९० किलोमीटर वेगाने टाकलेल्या फिरकी गोलंदाजाच्या चेंडूइतकी ऊर्जा एका अणुगर्भाहून मोठ्या नसलेल्या कणात! तो कण प्रोटॉन होता असे धरले, तर वातावरणातल्या स्थिर प्रोटॉनवर आदळताना टकरीला उपलब्ध होणारी ऊर्जा साधारण ७५० टीईव्ही येते, म्हणजे कोलायडरच्या पन्नास पटींहून अधिक. असे किरण पृथ्वीवर, चंद्रावर, गुरूवर आणि प्रत्येक दीर्घिकेतल्या प्रत्येक ताऱ्यावर अब्जावधी वर्षे आदळत आले आहेत. टकरीने निर्वात फुटणार असते तर ते केव्हाच फुटले असते. माणसाने अजून अशी एकही टक्कर घडवलेली नाही जी निसर्गाने आधी कितीतरी वेळा घडवून पाहिलेली नाही.

विश्वाच्या भवितव्याबद्दल बोलायचे तर निर्वाताचा क्रमांक रांगेत फार मागे लागतो. सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल. शेवटचे तारे १० चा चौदावा घात इतक्या वर्षांच्या सुमारास विझतील. सूर्याएवढे कृष्णविवर हॉकिंग प्रारणाने, म्हणजे त्यातून हळूहळू झिरपणाऱ्या किरणांनी, आटायला १० चा ६७ वा घात एवढी वर्षे लागतात, आणि दीर्घिकांच्या केंद्रातल्या अजस्र कृष्णविवरांना १० चा शंभरावा घात या आसपास. १० चा १३९ वा घात हे वरचे मधले अनुमान बरोबर असेल तर निर्वात कोसळण्याची पाळी या सगळ्यांनंतर येते. शिवाय विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे, हे १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांवरून कळले. त्यामुळे आज आपल्यापासून अंदाजे १,६०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे एखादा बुडबुडा उमटला, तर तो प्रकाशाच्या वेगाने धावूनही आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. ही वाढ कायम राहील का, यावर अलीकडच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणांनी शंका उपस्थित केली आहे. शंका पक्की ठरली तर हा परिच्छेद मला पुन्हा लिहावा लागेल.

राहिला तो 'जर'. वरचे सगळे गणित या गृहीतावर उभे आहे की आज माहीत असलेल्या कणांपलीकडे, १० चा दहावा घात एवढ्या जीईव्हीपर्यंत आणि त्याही वर, काहीही नवे नाही. कोलायडरने आपण जेमतेम दहा हजार जीईव्हीपर्यंतचा मुलूख पाहिला आहे. म्हणजे ठाणे स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत चालत गेलेल्या माणसाने तोच रस्ता तसाच सरळ पार चंद्रापर्यंत जातो असे धरून नकाशा काढावा, आणि त्यापुढेही, अशातला हा प्रकार आहे. वाटेत काहीतरी नवे आहे याची पक्की चिन्हे आपल्याकडे आधीच आहेत. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे या कणांच्या यादीतून सांगता येत नाही आणि न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे, ज्याची तरतूद मूळ यादीत नव्हती. अशा एखाद्या नव्या कणाने लॅम्डाला थोडासा आधार दिला तरी तो शून्याखाली जाणार नाही आणि खोटे निर्वात खरे ठरेल. नवा कण त्याला आणखी खालीही ढकलू शकतो, पण मर्यादेतच, कारण विश्व आजवर टिकले आहे हीसुद्धा एक नोंद आहे आणि कोणत्याही नव्या सिद्धांताला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून 'आपले निर्वात अर्धस्थिर आहे' हे विधान मी वर्गात नेहमी पूर्ण स्वरूपात सांगत असे: आज माहीत असलेली कणांची यादी जर शेवटपर्यंत पुरी असेल, तर आपले निर्वात अर्धस्थिर आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुधा खोटा आहे, असे माझे मत आहे.

आणि पहिला भाग खरा धरला, तरी दुसरा अजून पुरता सिद्ध झालेला नाही. सगळा निकाल टॉप क्वार्कच्या वस्तुमानावर अडला आहे. कोलायडरवरील दोन्ही प्रयोगांच्या पहिल्या फेरीतील मोजमापे एकत्र केल्यावर ते १७२.५२ जीईव्ही आले, त्यात ०.३३ ची अनिश्चितता आहे. हा आकडा वरवर नेमका दिसतो, परंतु टॉप क्वार्क जन्मताच विघटित होतो आणि त्याचे वस्तुमान त्याच्या तुकड्यांवरून, संगणकीय प्रतिरूपांच्या मदतीने काढावे लागते. त्या प्रतिरूपातले वस्तुमान आणि समीकरणांत घालायचे वस्तुमान नेमके एकच आहे का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून घासाघीस चालते. हार्वर्डच्या त्याच लेखाप्रमाणे, पूर्ण स्थिरतेची शक्यता खात्रीपूर्वक फेटाळायची असेल तर ही अनिश्चितता पाव जीईव्हीच्या खाली आणावी लागेल, किंवा क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाचा गुणांक आजच्यापेक्षा अधिक नेमकेपणाने मोजावा लागेल. प्रोटॉनांच्या टकरीत तेवढा स्वच्छपणा मिळवणे अवघड आहे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर टॉपची जोडी जेमतेम जन्मेल एवढ्याच ऊर्जेला, म्हणजे साधारण ३५० जीईव्हीला घडवली आणि ऊर्जा किंचित कमी-जास्त करत जन्मणाऱ्या जोड्या मोजल्या, तर हे वस्तुमान काही शतांश जीईव्हीपर्यंत नेमके कळू शकेल. सर्नने त्यासाठी ९१ किलोमीटर घेराच्या नव्या बोगद्याचा प्रस्ताव मांडला आहे; तो मंजूर होऊन बांधला गेला तरी पहिली टक्कर २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी होणार नाही. ऐरोलीचा हा मुलगा तेव्हा चाळिशीला आलेला असेल, आणि टॉपच्या जोड्या मोजणाऱ्यांत तो स्वतः असावा असे त्याला वाटत असेल तर यंदाची सीईटी द्यावी लागेल.